डिशच्या खांबाची दोरी

हबचा फोन लागत नव्हता. मुकुंदवाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या गच्चीवर नवी व्हीसॅट डिश लावून मी उन्हात उभा होतो. खालून मालक ओरडत होता, "इंजिनीअरसाहेब, नेट चालू झालं ना? मग उतरा की! का गच्चीवरच मुक्काम?"

व्हीसॅट म्हणजे थेट उपग्रहाशी बोलणारी डिश. टीव्हीची डिश नुसती ऐकते, ही बोलतेही. उपग्रहावर एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन गिऱ्हाइकं बसवतात. एकाच्या लहरी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणून त्या एकमेकांत मिसळत नाहीत. पण डिशच्या तोंडाशी असलेला फीड जरा तिरपा राहिला, की आपलं बोलणं दुसऱ्याच्या वाटेत घुसतं. आपलं नेट मात्र झकास चालतं. म्हणून बोल्ट आवळण्याआधी हबला, म्हणजे मुख्य केंद्राला, फोन करायचा. तिथला माणूस स्क्रीनवर बघून सांगतो, "थोडं डावीकडं... बास, आवळा." ही क्रॉसपोल टेस्ट.

मी ती केली नाही. अंदाजानं आवळलं. टेस्ट उद्या करू म्हटलं, आणि विसरलो.

लगेचच देवगाव रंगारीच्या आरोग्य केंद्राच्या तक्रारी सुरू झाल्या. तिथंही मीच लावलेली डिश होती, तिच्यावरून शहरातले डॉक्टर व्हिडिओवर पेशंट तपासायचे. केंद्र नसरीनआपा सांभाळायच्या. कॉम्प्युटर शिकून मिळवलेली त्यांची पहिलीच नोकरी. ऐन तपासणीत चित्र फाटायचं, आवाज तुटायचा. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे साहेब मला जीपमध्ये घालून तिकडं घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "तुमची लिंक खराब आहे, नाहीतर आमची बाई. आज काय ते सांगा."

डिश तपासली. सगळं जागेवर होतं. मग खांबाला बांधलेली दोरी दिसली. पेशंटच्या खाटेवरच्या चादरी वाळत होत्या.

"डिश हलते, साहेब," मी म्हणालो. "लोक तिच्यावर कपडे वाळवतात, काय करणार?"

"नाय हो साहेब," आपा म्हणाल्या. "दोरी पयल्या दिवसापासून हाय. तवा तर चालायचं की."

"आपा, उपग्रह किती लांब आहे माहितीय का? इथं केसभर हललं तरी तिकडं निशाणा चुकतो."

हे खरंच आहे. म्हणून तर साहेबांना पटलं. पण तो खांब सिमेंटात गाडलेला होता. मीच गाडला होता. चार चादरींनी तो हलणार नव्हता, हे मला तिथं उभं असतानाच माहीत होतं. आपांनी चादरी काढल्या आणि दोरी सोडली. साहेबांनी त्यांनाही काढून टाकलं.

पुढं ट्रान्सपोर्टवाल्याचा मोडेम जळाला. तो बंद असेपर्यंत देवगावची लिंक एकदम साफ होती. तेव्हा कळलं, देवगावच्या वाटेत घुसत होता तो माझाच तिरपा फीड. नवा मोडेम घेऊन गच्चीवर चढलो, या वेळी हबला फोन लागेपर्यंत थांबलो, फीड बोटभर फिरवला आणि आवळला. कुणाला काही सांगितलं नाही. देवगावची तक्रार परत आली नाही.

"बघा, बाई गेली आणि लिंक सुधारली," साहेब आमच्या ऑफिसात येऊन म्हणाले. मी मान हलवली. त्या एका मान हलवण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

परवा, इतक्या वर्षांनी, देवगावला गेलो. आपा घरी शिलाई करतात. मला ओळखून त्याच म्हणाल्या, "साहेब, लई तकलीफ दिली मी तुम्हाला त्या टायमाला. दोरी बांधायलाच नको होती."

मी सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"तेव्हाच. दोरीचं तर त्याच दिवशी."

"मंग तवाच त्या साहेबाला सांगायचं ना! आता मला सांगून झोप कुणाला लागणार? तुम्हालाच ना?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

या धंद्यात नव्यानं आलेल्यांना एवढंच सांगतो. आपली डिश चालू झाली म्हणजे काम झालं नाही. आपल्यामुळं दुसऱ्या कुणाची बंद पडली का, हे विचारायलाच तो फोन असतो. लागेपर्यंत गच्चीवर थांबायचं.