तुमची जागा ठेवली आहे

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल! कॉलेज सोडलं तेव्हाही मी इतका गाढव ठरलो नव्हतो.

नागपुरात धरमपेठेतल्या एका डिझाइन ऑफिसात मला कामाला ठेवलं होतं. काम काय? पन्नाशीतल्या मंडळींना नवं सॉफ्टवेअर शिकवायचं. त्यात अ‍ॅप बनण्याआधी त्याचा नमुना करायचा. बटण दाबलं की पुढची स्क्रीन येते, मागे खरं काहीच नसतं. एवढंच! पण ही माणसं स्क्रीनचे प्रिंट काढून लाल पेनाने तपासणारी.

"डिग्री नाही, अन् आम्हाले शिकवून राहिला!" टीमचे मुख्य, देशमुख काका.

"तुमच्यापाशी आहे नं डिग्री? मग माउसले काहून भिऊन राहिले?"

असं तोंड असल्यावर सोबत डबा कोण खाईल? ते सगळे एका टेबलावर, मी जिन्यात. त्यांचं हसणं खालपर्यंत यायचं. मला काही फरक पडत नव्हता. पडत होता, जाऊ द्या.

शिकवताना मी एकच धोशा लावला होता, "नमुन्यात नुसतं अबक लिहू नका! खरी नावं टाका, खरं गाव टाका. पाहणाऱ्याले खरं वाटलं पाहिजे!"

शनिवारी काकांची लिंक आली. 'पाहून घे.' उघडली, तर रविवारची पार्टी! काटोलजवळ आमच्या टीममधल्या जोशी मॅडमच्या भावाची संत्र्याची बाग, रोडगे अन् वांग्याची भाजी. येणाऱ्यांत सगळ्यांची नावं. शेवटी माझंही! खाली हिरवं बटण, 'मी येतो'.

दाबलं. 'तुमची जागा ठेवली आहे.'

ही ओळ मी किती वेळ वाचत बसलो, विचारू नका.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीत बसलो, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. काटोलला संत्रा बर्फी नेणारा शहाणा दुसरा कोण असणार? स्टँडवर उतरलो. ओळखीचं एक तोंड नाही. काकांना फोन लावला.

"काका, बाग कोणत्या बाजूले आहे?"

"कोणती बाग गा?"

"पार्टीची."

"अबे, तो तं सराव होता! तूच म्हटलं नं, खरं वाटलं पाहिजे?" अन् लगेच, "तू कुठं आहेस?"

"घरीच. टेस्टिंग करून राहिलो."

नेमका मागून कंडक्टर ओरडला, "चला नागपूर, नागपूर!"

 काका हळूच म्हणाले, "नमुना जमला म्हणायचा मंग?"

"जमला. पण परत जायचं बटणच नाही त्यात."

"ते तू शिकवलंच कुठं गा?"