होल्ड नंबर तीनमधले सत्तेचाळीस दाणे

इन्स्पेक्टर मिस्टर कूपर गुडघ्यांवर बसले. खिशातून चिमटा काढून त्यांनी जमिनीवरून काहीतरी उचललं आणि माझ्या टॉर्चसमोर धरलं. तांदळाचा दाणा होता. लाल.

"चीफ ऑफिसर, हे काय आहे?"

ते काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. तो दाणा जबलपूरच्या विजय नगरातून आला होता, माझ्या आईच्या हातचा. आणि तो तिथे टाकणारीही मीच होते.

मी मालवाहू जहाजावर काम करते. जबलपूरच्या सदर बाजारात ओळखीचं कोणी भेटलं की अजूनही विचारतात, "बेटा, ग्वारीघाट पे नाव चलाती हो क्या?" ग्वारीघाट म्हणजे आमचा नर्मदेवरचा घाट. मी हसते. त्यांचं तरी काय चुकतं? आमच्या गावाहून कुठल्याही बाजूला निघालं तरी समुद्र दिसायला एक अख्खा दिवस रेल्वेत बसावं लागतं. पणजोबांच्याही आधीपासून आमचं घराणं जबलपुरात आहे. सगळे मास्तर, कारकून नाहीतर फॅक्टरीत. समुद्रावर गेलेली मी पहिलीच.

तेव्हा मी चीफ ऑफिसर होते, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालची. माल, होल्ड आणि डेकवरची माणसं ही सगळी माझी जबाबदारी. होल्ड म्हणजे जहाजाच्या पोटातली खोली. खोली कसली, आत चार मजली इमारत उभी राहील. आमच्या जहाजाला असे पाच होल्ड होते. पारादीपला कोळसा उतरवून आम्ही ऑस्ट्रेलियाला गहू भरायला निघालो होतो. जिथे काल कोळसा होता तिथे उद्या लोकांच्या खाण्याचा गहू पडणार! म्हणून बंदरात घेण्याआधी त्यांचा इन्स्पेक्टर लाँचने जहाजावर येतो आणि प्रत्येक होल्डमध्ये उतरून बघतो. कोळशाची कणी, गंजाची खपली, जुन्या धान्याचा एक दाणा, काहीही सापडलं की फेल. आपला नंबर मागच्या जहाजाला जातो आणि आपण बाहेर नांगर टाकून वाट बघत बसायचं. तीन आठवडेसुद्धा.

माझ्यासाठी आणखी एक गोष्ट अडकली होती. कॅप्टनचं लायसन्स माझ्याकडे होतं, पण लायसन्स मिळालं म्हणून कंपनी लगेच जहाज हातात देत नाही. आधी कॅप्टनने लेखी शिफारस करावी लागते. आमचे कॅप्टन रंधावा निघतानाच म्हणाले होते, "मॅडम, पाँचों होल्ड एक बार में पास करा दो. उसी शाम साइन कर दूँगा." एकाच फेरीत. दुसऱ्या फेरीचं ते काही बोलले नव्हते.

अठरा दिवस आम्ही होल्ड घासले. आधी खाऱ्या पाण्याने, मग गोड्या पाण्याने, मग खरवडून, मग पुन्हा पाण्याने. माझे बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधल्या आणि घरी येऊन आमच्या शोधल्या. मी पहिल्यांदा जहाजावर निघाले तेव्हा त्यांनी सदरच्या एका दुकानातून स्कूटरचा आरसा आणला आणि लांब दांडीला पक्का बसवून दिला. "इन्स्पेक्टर जिथं वाकून बघणार, तिथं आपण त्याच्या आधी वाकायचं," म्हणाले. तो आरसा घेऊन मी पाचही होल्डमधली एकेक फट बघितली. इतकी की बोसन वैतागला. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमचे परबकाका मालवणकडचे.

"मॅडम, आता आतमदी जेवन वाढलात तरी चालात," ते म्हणाले.

आदल्या दिवशी दुपारी काम संपलं. परबकाकांनी नारळ काढला. एवढं मोठं काम झालं की नारळ फोडायचा, ही आमच्या जहाजावरची रीत. मी मोठ्या रुबाबात सांगितलं की नारळ बाहेर डेकवर फुटेल, खाली ताडपत्री अंथरून, पाण्याचा थेंब होल्डमध्ये जाता कामा नये. आणि तसंच केलं. अगदी शहाण्यासारखं! मग मी केबिनमधून आईने दिलेली अक्षतांची पुडी आणली, मधल्या, म्हणजे तीन नंबरच्या होल्डच्या काठाशी उभी राहिले, हात जोडले आणि लग्नात टाकतात तशा दोन चिमटी अक्षता टाकल्या. होल्डमध्ये.

हो. मीच. अठरा दिवस जिने दुसऱ्यांना दाणा-दाणा शोधायला लावला, तिने. लहानपणापासून हाताला जी सवय लागलेली असते, ती डोक्याला विचारत नाही. त्यात होल्डची जमीन गेरूच्या रंगाची, अक्षता कुंकवाच्या. झाकण बंद होईपर्यंत कोणाला काही दिसलं नाही.

आणि आता कूपरसाहेबांच्या चिमट्यात एक दाणा होता. दोन पावलं चालून त्यांनी आणखी दोन उचलले.

"तुम्ही आधी तांदूळ वाहिला होता का?" त्यांचा आवाज बदलला होता. "मला खपराची काळजी आहे."

खपरा म्हणजे धान्याच्या कोठारात होणारा आपल्याकडचा किडा. नावही आपलंच, साहेबसुद्धा खपराच म्हणतात. ऑस्ट्रेलियात तो नाही आणि येऊ नये म्हणून ते लोक डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात.

कॅप्टनसाहेब माझ्या कानाशी आले. चेहरा तांबडालाल. "बोल दो किसी के टिफिन से गिरा होगा."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही मोह झाला. पण डब्यातला भात कच्चा नसतो आणि त्याला कुंकू लावलेलं नसतं. शिवाय खोटं बोलले असते तर उरलेले दाणे मोकळेपणाने शोधता आले नसते.

"सर, हे तांदूळ मी टाकले," मी म्हणाले. "काल दुपारी. आमच्याकडे चांगल्या कामाच्या वेळी टाकतात. माझी चूक झाली. पुडी माझ्या केबिनमध्ये आहे, आत्ता दाखवते."

कॅप्टननी डोळे मिटून घेतले.

कूपरसाहेबांनी पुडी बघितली. भिंग लावून बराच वेळ बघितली. किडा नव्हता. मग म्हणाले, "माझी लाँच साडेतीनला येईल. तोवर मी बाकीचे चार होल्ड बघतो. तीन वाजता या होल्डमध्ये परत येईन. मला एक दाणा दिसला तर फेल. पण तुम्हाला सगळे सापडले हे तुम्हाला तरी कसं कळणार?"

प्रश्न बरोबर होता. किती टाकले हेच माहीत नसेल तर शोध संपला कधी म्हणायचं?

मी आईला व्हॉट्सॲपवर फोन लावला. आमचे अकरा, म्हणजे तिचे सकाळचे सात.

"आई, पुडीत अक्षता किती होत्या?"

"काहून? कमी पडल्या का?"

"आई, नीट सांग ना. अंदाजे किती?"

"अंदाजे काहून? एकशेआठ होत्या. एकेका दाण्यावर नाव घेऊन निवडून राहिली होती मी. मोडका दाणा देवाला चालत नाही, बाई. तुझे बाबा तिथंच पेपर वाचून राहिले होते, विचार त्यांना."

मला तिथल्या तिथे आईच्या पाया पडावंसं वाटलं. "नक्की एकशेआठ? एक इकडे तिकडे?"

"वा! आता पोरगी मायची परीक्षा घेऊन राहिली! दोनदा मोजल्या. झालं काय पण?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. मग बाबांनी फोन ओढून घेतला. "ऐक. उभ्यानं टॉर्च मारू नको, काही दिसणार नाही. टॉर्च जमिनीवर आडवा ठेव. दाणा बारीक असला तरी त्याची सावली लांब पडते. चल, ठेव फोन. काम कर."

पुडीतले दाणे मी आणि परबकाकांनी दोनदा मोजले. एकसष्ट. म्हणजे होल्डमध्ये पडले सत्तेचाळीस. तीन कूपरसाहेबांकडे. आम्हाला हवे होते चव्वेचाळीस.

मी आठ खलाशांना घेऊन खाली उतरले. खडूने जमिनीचे चौकोन आखले, टॉर्च आडवे ठेवले आणि सगळे पोटावर पालथे पडलो. बाबा म्हणाले तसंच झालं. आडव्या उजेडात दाण्यामागे काळी रेघ उठायची. "मिला!" असा एकेक आवाज घुमायला लागला. बारा वाजेपर्यंत एकोणीस. जेवायला कोणी वर गेलं नाही. दीडला छत्तीस. एक खलाशी सापडलेला दाणा कपाळाला लावायला निघाला. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचाऱ्याने दाणा घाईघाईने बाटलीत टाकला.

अडीच वाजता बाटलीत त्रेचाळीस दाणे होते. आणि तिथेच सगळं अडलं. सगळी जमीन पुन्हा बघितली. बुटांचे तळवे बघितले. पाणी साचतं ते कोपऱ्यातले खड्डे उपसून बघितले. चव्वेचाळिसावा काही सापडेना.

"मॅडम, एक दाणो. कोणाक गावतलो?" परबकाका म्हणाले.

बरोबर तीनला कूपरसाहेब उतरले. चारही होल्ड पास केले होते. मागे कॅप्टनसाहेब. मी बाटली कूपरसाहेबांच्या हातात दिली आणि सगळा हिशोब सांगितला: एकशेआठ, एकसष्ट, सत्तेचाळीस. "एक अजून बाकी आहे, सर," मी म्हणाले.

कॅप्टननी कपाळावर हात मारला. म्हणजे शब्दशः मारला, हेल्मेटवर आवाज झाला. कूपरसाहेब माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना!" मी जरा चिडूनच म्हणाले. राग माझा मलाच आला होता.

मी वर बघितलं. काल मी जिथे उभी होते तो होल्डचा काठ दिसत होता. मग सुचलं. दुपारी वारा होता. हातातून सुटलेला दाणा दरवेळी लांब जातोच असं नाही, पायाशीही पडतो. काठाच्या आतल्या अंगाला एक अरुंद लोखंडी पट्टी असते. खालून ती दिसत नाही आणि वर उभं राहिलं तर ती आपल्याच पायाखाली येते. आम्ही सगळे खालीच शोधत होतो.

मी आरसा घेऊन शिडी चढले. कूपरसाहेब माझ्या मागोमाग. वर पोचून मी काठावर पालथी झाले, दांडी आत सोडली आणि आरसा पट्टीवर फिरवत नेला. दोन हात. तीन हात. करडा रंग, करडा रंग, करडा रंग. आणि लाल!

"सापडला!" मी मराठीतच ओरडले. मालवणला ऐकू गेलं असेल.

कूपरसाहेबांनी चिमटा पुढे केला. सत्तेचाळिसावा दाणा मी माझ्या हाताने उचलून बाटलीत टाकला. खाली आठ खलाशी शिट्ट्या मारायला लागले. परबकाका डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते. होल्डमध्ये धूळ नव्हती. तशी पासच्या कागदावर सही कूपरसाहेबांनी त्यानंतर पाच मिनिटांतच केली.

"प्रत्येक जहाज मला सांगतं की काही राहिलं नाही," कागद देताना ते म्हणाले. "आकडा आजपर्यंत कोणी दिला नव्हता. आणि हा आरसा कुठे मिळतो?"

"जबलपूरला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्याच नंबरवर बंदरात शिरलो. संध्याकाळपर्यंत होल्ड नंबर तीनमध्ये सोन्यासारखा गहू पडत होता. शिडी उतरून मी त्या देशाच्या जमिनीवर पाय ठेवला आणि खरं सांगते, छाती फुगली होती. कॅप्टनसाहेबांची शिफारस खिशातच होती. सही करताना त्यांनी एवढंच म्हटलं होतं, "अगली बार सिर्फ अगरबत्ती, मॅडम."

आता मी स्वतः कॅप्टन आहे. यातून शिकले ते एवढंच: चूक माणसाच्या हातून होणारच, पण ती मोजता येईल अशी असावी. नारळ आजही फुटतो, ताडपत्रीवर. अक्षता देवाच्या डबीतच राहतात आणि परदेशी बंदरात पोचण्याआधी मी त्या कागदावर जाहीर करते.

आई प्रत्येक सफरीला नवी पुडी देते. हल्ली पुडीवर बाबांच्या अक्षरात आकडा असतो, १०८. आणि खाली त्यांची जुनी फॅक्टरीतली सही, "तपासले."