ओलीपुढचं कपाट

पडदेमावशींनी आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकल्या. स्वतःच्या घरात त्यांना झाकायला एकच जागा होती, आतल्या खोलीतल्या भिंतीवरची ओल. बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला यायचा, त्या सकाळी मावशी आणि त्यांचे यजमान काका मिळून लोखंडी कपाट ओढत आणि ओलीपुढे उभं करत.

घरांचे भाव चढते होते तेव्हाची ही रीत. शेजारचं घर चांगल्या भावाला गेलं, की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग ते बँक गाठायचे आणि आपल्या घरावरचं कर्ज वाढवून आणायचे. आधी स्वयंपाकघर नवं झालं, मग गाडी आली. घर होतं तेवढंच राहिलं, हप्ता फुगला.

आता त्यांना याच घरावर आणखी कर्ज काढून दुसरा फ्लॅट घ्यायचा होता. "आत्ता घेतलं तर घेतलं, नाहीतर बसा बघत."

"अहो, नव्या घराचे पडदे शिवून किती महिने झाले मला! लोक जुनेच आणतात, खालची दुमड सोडून लांब करायला."

"तू शिलाई बघ. बाजार मी बघतो."

"बघा. निम्मा हप्ता त्या शिलाईतूनच जातो, म्हणून बोलले."

बँकेचा माणूस यायच्या सकाळी काकांनी हाक मारली, "अगं, हात लाव की!"

"कंबर धरलीय," मावशी मशीनवरून उठल्या नाहीत.

काकांनी एकट्यानं जोर लावला. कपाट तसूभरही हललं नाही. "काय भरलंयस यात?"

"पडद्यांचं कापड. माप देऊन गेले, न्यायला कुणी आलं नाही."

तेवढ्यात बेल वाजली.

बँकेच्या माणसानं ओलीवर तळवा टेकवला. "जुनी दिसते."

"बरीच," मावशी म्हणाल्या. काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तशीही ही ओल निमित्तालाच," तो म्हणाला. "भाव उतरलेत, काका. तुमचं आहे ते कर्जच घराच्या किमतीला टेकलंय. आणखी मिळणं कठीण."

संध्याकाळी काका भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. नखानं पापुद्रा काढत म्हणाले, "गवंडी बोलवायला हवा."

"बोलवू. आधी गाडीला गिऱ्हाईक बघा."

काकांनी खिशातली गाडीची किल्ली चाचपली. मग गवंड्याला जागा करायला मुकाट्यानं कपाट उघडून कापडाचे गठ्ठे बाहेर काढायला लागले. मावशींनी मशीन थांबवलं आणि रिकाम्या कपाटाचं दुसरं टोक धरलं.