हीरालालने केलेल्या खिडक्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच.

मध्यप्रदेश नुकताच झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. मी इंदूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. वडील — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — दरबारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पण मोहल्ल्यात शब्दाला वजन. जुनं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच सगळं माझ्यावर सोपवलं. मला ते फार मोठं वाटलं होतं.

काचेच्या सागवानी खिडक्या केल्या हीरालाल मिस्त्रीनं. गौतमपुऱ्याचा माणूस. पल्ला असा बसवायचा की फटीतून कागद सरकू नये. जुन्या फळ्यांच्या खिडक्यांतून वारा यायचा, तो थांबला. मग मी भिंतीतले वरचे रोशनदान, म्हणजे हवेचे झरोकेही, विटांनी बुजवायला सांगितले. थंडी नको, धूळ नको. हीरालाल म्हणाला, "मास्टरसाब, एकाध तो खुला रहने दो. चूल्हे की भाप किधर जाएगी?" मी हसलो. मला कोण शिकवणार — सुतार?

पौषात रोज सकाळी काचा आतून ओल्या दिसू लागल्या. थेंब ओघळून चौकटीत मुरायचे. महिन्याभरात खालचं लाकूड काळं पडलं, पल्ले फुगून अडकायला लागले, गिलाव्याचे पोपडे निघाले. मला कारण कळलं नव्हतं का? थंड पेल्याला बाहेरून पाणी का सुटतं, हे मी दरवर्षी सातवीला शिकवत होतो. पहिल्याच सकाळी कळलं होतं.

नानांनी विचारलं, "हे पाणी कुठून येतं रे?"

"मिस्त्रीनं ओलं लाकूड वापरलं," मी म्हणालो. का म्हणालो? माझं चुकलं, एवढं म्हणायला काय लागत होतं?

नानांनी शहानिशा केली नाही. मुलगा विज्ञानाचा मास्तर — कशाला करतील? त्यांनी चार घरी सांगितलं. जवळच्या देवळाचे दरवाजे हीरालाल करणार होता. ते काम काढून घेतलं गेलं. मग तो आमच्याकडे आला. ओसरीत नानांसमोर उभा राहून, पण माझ्याकडे बघत म्हणाला, "आप तो जानते हो ना, साब. लकड़ी आपने खुद देखी थी. सूखी थी." मी वर्तमानपत्राची घडी घालत राहिलो. त्याच महिन्यात तो बिऱ्हाड उचलून गावी गेला.

पुढच्या थंडीआधी धुराचं निमित्त काढून मी दोन रोशनदान फोडून घेतले. काचा कोरड्या राहिल्या. नाना म्हणाले, "वाळलं बघ लाकूड शेवटी." मी हो म्हणालो.

काही वर्षांनी परीक्षेच्या कामाने गौतमपुऱ्याला जाणं झालं. हीरालाल घरापुढे नांगराचं लाकूड तासत बसला होता. मला बघून उठला, खाट टाकली, पाणी दिलं. खिडक्यांचा विषय त्यानंच काढला. आवाजात राग नव्हता — असता तर?

"मैंने बहुत सोचा, मास्टरसाब," तो म्हणाला. "लकड़ी गीली ही रही होगी. मेरी नजर चूक गई. उसके बाद सागवान का काम हाथ में लिया ही नहीं."

सांगता आलं असतं. आसपास कुणी नव्हतं. नानाही तोवर गेले होते.

मी पाणी प्यायलो, लोटा खाली ठेवला, आणि परतीच्या बसची वेळ विचारली.