फुंकणीतली हवा

वेड कुणाला कशाचं लागेल याचा नेम नाही, पण वरच्या हवेसाठी इतका जीव टाकणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. दिवेआगरला राहतात, भूगोलाचे मास्तर होते, आणि अंगणातल्या हवेत त्यांना काडीचा रस नाही. ढगांच्याही वर जो हवेचा थर आहे ना, स्थितांबर, तो त्यांचा. आपण जावई म्हणून रीतीनं "कसं काय मामा?" विचारावं, तर ते वरचं कसं चाललंय ते सांगणार! इकडची उष्ण हवा पावसाळी ढगांबरोबर चढते, त्यांच्याही पलीकडे सटकते, रमतगमत ध्रुवाकडे जाते आणि तिथं खाली उतरते. "घाई नाही हो तिला. चार-पाच वर्षांचा फेरा!" हे असं सांगतात, जणू स्वतः जाऊन आलेत.

एकदा शेजारी बारसं होतं. बुद्धवंदना चाललेली, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि मामांचे उदबत्तीच्या धुरावर. वंदना संपून शांतता झाली न झाली तोच हे ओरडले, "बघा, वर गेला आणि वळला!" भन्तेजींनीसुद्धा एक डोळा उघडला. मामींनी असं कोपर हाणलं की मामाच वर जायचे. चक्रीवादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, घरोघर रडारड, तेव्हा हे चिखलात उभे राहून म्हणाले, "या वादळाचं डोकं संपतं ना, तिथून खरी गंमत सुरू होते." मामी म्हणाल्या, "अवो, मग ती गंमत खाली आना नि पोफली उभ्या करा!"

मामी म्हणजे बिनतोड. घरात गॅस असून भाकरी चुलीवरच. त्या फुंकणी तोंडाला लावून जाळ करू लागल्या की मामा दारातून म्हणायचे, "हळू गं, तुझी फुंकर ध्रुवाला पोचायची."

"पोचू दे. परत येल ना?"

"येईल की, चार-पाच वर्षांनी."

"मंग भाकरी झाकून ठेवा."

त्या मामी तीन वर्षांपूर्वी गेल्या, अगदी अचानक. यंदा मामांना हृदयाचा झटका आला. निभावलं, पण खारघरच्या मुलानं धसका घेतला. त्याचं म्हणणं, बाबांनी आता आमच्याकडं यावं. जवळ डॉक्टर, लिफ्ट, एसी. मामा ढिम्म. शेवटी समजूत घालायला मला धाडलं. मी चहा पीत हे सगळं ज्ञान पाजळलं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, तिथं खिडक्या उघडत नाहीत."

मला काही कळेना. मग त्यांनी नेहमीसारखं वरचं सुरू केलं. पृथ्वी तापतेय, त्यानं हा वरचा फेरा जलद होणार असं शास्त्रज्ञांची गणितं सांगतात. प्रत्यक्ष मोजणाऱ्यांची अजून नीट खात्री पटलेली नाही. "वाईटच हो ते. ओझोनची तिथली वाटणी बिघडते, आणखी काय काय होईल कुणास ठाऊक." हा माणूस आयुष्यभर कचरा जाळणाऱ्यांच्या अंगावर धावून गेलेला. तो एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "पण खोटं कशाला बोलू? एवढ्यापुरतं वाटतं, होऊ दे जलद. माझंही काही खरं नाही आता."

त्यांची नजर चुलीकडं होती. चूल थंडच, पण फुंकणी भिंतीला टेकवलेली, पुसून लख्ख केलेली. मी कप खाली ठेवला. तरी शहाणपणा कुठं जातोय! मी म्हटलं, "मामा, पण ती हवा ध्रुवाकडं उतरते ना? दिवेआगरला थोडीच?"

"मीच शिकवलं की तुम्हाला," ते हसले. "उतरली की पसरते सगळीकडं. त्यातली चिमूटभर इकडं यायची, आणि मी नेमका बंद खोलीत!"

शेजाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ डोकावायला सांगितलं, गोळ्या दाखवून ठेवल्या आणि निघालो. एसटीत बसतोय तोच खारघरहून फोन.

"काय म्हणाले बाबा?"

"नाही येत."

"अहो, पण का?"

म्हटलं, "त्यांच्याकडं घरचं माणूस यायचंय."