घडीची सायकल मिटली नव्हती

परभणीत सध्या असे सांगितले जाते, की रेल्वे फाटकापाशी माझी घडीची सायकल माझ्यासकट मिटली. दुसरा पक्ष म्हणतो, मला भोवळ आली. तिसऱ्या पक्षात एकटा माझा बालमित्र आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मी पडत होतो आणि त्याने मला धरले. तिन्ही हकीकती खोट्या आहेत. न्यायालयात बेलिफ म्हणून मी आयुष्य काढले. समन्स घेऊन दारोदार फिरलेल्या माणसाला हकीकती कशा रचल्या जातात हे कुणी शिकवू नये. घरधनी घरात नाही, हे मी त्याच्याच ओसरीवर, त्याच्याच तोंडून ऐकलेले आहे.

माझी जुनी सायकल आमच्या इमारतीखाली उभी असताना शेजाऱ्याची मोटार मागे येऊन तिच्यावर चढली. सायकल आडवी लावली होती, असे शेजारी म्हणतो. ती सरळ होती. त्याने मागे पाहिले नव्हते. चौकट वाकली ती कायमची. त्याच सायकलीवरून मी पिंगळीपासून पोखर्णीपर्यंत समन्स बजावले होते. तिची घंटी वाजली, की भली भली माणसे कडब्याच्या गंजीआड जात. चिरंजीवांना मात्र ती मोडली हे बरेच वाटले. या वयात मी बाजाराला, दवाखान्यात किंवा मित्राकडे जायचे ते त्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून, आणि त्याला सवड असेल तेव्हा, अशी त्याची योजना होती. तो काळजीपोटी बोलत होता, हे मला कळत होते. तथापि माझे बाहेर पडणे दुसऱ्याच्या सवडीवर टांगून ठेवण्यास मी तयार नव्हतो, आजही नाही.

नवी सायकल घ्यायची आणि ती खाली ठेवायची नाही, असे मी ठरवले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही, आणि गॅलरीत अखंड सायकल मावत नाही. उरला एकच मार्ग, घडीची सायकल. चिरंजीवांनी अट घातली.

"दादा, एकदा जरी पडलात, नाहीतर वर चढवायला कुणाला हाक मारलीत, तर त्या दिवसापासून सायकल माझ्या ताब्यात."

मी अट मान्य केली.

त्याने मोबाईलवर चित्रे दाखवायला सुरुवात केली. चित्रात सगळ्याच सायकली हलक्या असतात. मी रेल्वेने नांदेडला गेलो. दुकानातला विक्रेता मला गियर समजावून सांगू लागला. परभणीसारख्या सपाट गावात गियर लागत नाहीत. मी त्याला विचारले, दुकानात जिना कुठे आहे? त्याला वाटले, मला वरच्या मजल्यावरचा माल पाहायचा आहे. मी प्रत्येक सायकल मिटवून, हातात घेऊन, तो जिना चढून पाहिला. पहिलीच्या मधल्या बिजागरीला खिटी नव्हती. चढताना ती उघडे आणि हँडल गुडघ्यावर येऊन आदळे. दुसरी खरोखर हलकी होती, परंतु तिची चाके इतकी लहान, की आमच्या रस्त्यावरच्या एखाद्या खड्ड्यात ती मालकासह दिसेनाशी झाली असती. तिसरी मी निवडली. तिच्या चाकाची ट्यूब परभणीत कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मिळते. तिच्या बिजागरीला पक्की खिटी आहे. आणि तिचा दांडा इतका खाली आहे, की धोतर नेसलेल्या माणसाला पाय वर उचलून लोकांची करमणूक करावी लागत नाही.

परतीच्या गाडीत एका प्रवाशाने विचारले, "काका, ही काय पिठाची गिरणी हाय का?" सायकल आहे असे सांगताच त्याने ती डब्यातच चालवून दाखवण्याची मागणी केली. सुदैवाने पिंगळी आले आणि तो उतरला.

आता सजावटीविषयी. विक्रेत्याने सांगितले होते, की शहरातले लोक हिला काहीच लावत नाहीत, पाठीवर सॅक अडकवतात. मीही शहरातच राहतो. पण पाठीला दप्तर लावून मेथीच्या जुड्या आणणे मला शोभत नाही. मी मडगार्ड बसवले. धोतराचा सोगा अडकू नये म्हणून पत्र्याचे चेनकव्हर करून घेतले. पुढे बॅटरीचा दिवा, मागे तांबडा दिवा, उजव्या हाताला आरसा. जुन्या सायकलीची घंटी काढून हिला लावली, आणि जुने कॅरिअरही त्याचे पाय कापून मिस्त्रीकडून बसवून घेतले. मिस्त्री म्हणाला, हे चाकाच्या बरेच मागे जातेय. मी म्हणालो, त्यावर भाजीची पिशवी बसणार आहे, माणूस नाही. हे माझे वाक्य मिस्त्रीला आजही आठवते. कुणीही जाऊन विचारावे.

प्रत्येक वस्तू बसवल्यावर मी सायकल मिटवून दोन्ही मजले चढत असे. वजन वाढत गेले हे मी नाकारत नाही. मी चढत गेलो, हेही कुणी नाकारू नये. पत्नी दार उघडून म्हणाली, "पोराला कधी कडंवर घेतलं न्हाई, आन् सायकलीला घेऊन जिने चढायलेत."

मग फाटकाचा प्रसंग घडला.

फाटक बंद होते. मी खोगिरावरून उतरून, दांडा दोन पायांमध्ये घेऊन, हँडल धरून उभा होतो. मागून माझा मित्र आला. हा माणूस मानवतच्या बाजारात मापाडी होता. जन्मभर त्याने कापूस तोलला. आमच्याकडे रीत अशी, की ओळखीच्या माणसाची सायकल उभी दिसली तर कॅरिअरवर बसण्याआधी विचारायचे नसते. विचारणे हा परकेपणा समजला जातो. तो माझ्या जुन्या सायकलीवर असाच बसत आला होता, एका अंगाने, पाय लोंबते सोडून. त्या दिवशीही तो तसाच बसला. पुढचे चाक उचलले गेले, हँडल माझ्या छातीवर आले, आणि मी, तो व सायकल असे तिघे डाव्या बाजूला आडवे झालो. घडले ते एवढेच.

सायकल मिटली असती तर मी तीच सायकल उघडी ढकलत घरापर्यंत कशी आणली असती? भोवळ आली असती तर पडल्या जागेवरून मी मित्राच्या सात पिढ्यांचा उद्धार, एकही पिढी न गाळता, कसा केला असता? गर्दीतल्या लोकांनी तो ऐकला आणि त्यांना हसूही आले. पण घरी जाऊन त्यांनी सांगितले ते भोवळीचे.

चिरंजीव घरी आले. माझे मनगट सुजलेले होते. तो ओरडला नाही. त्याने सायकल उचलली, स्वतःच्या खोलीत ठेवली आणि दाराला कडी घातली. मी मित्राला फोन करून खरे सांगण्यास फर्मावले आणि फोन चिरंजीवांच्या हाती दिला. त्याने मुलाला सांगितले ते असे, की तुझे दादा धडपडत होते, मी धरले. मी फोन हिसकावून घेतला.

"तू कॅरिअरवर बसला होतास."

"बसलो कुठं? मी नुसता टेकलो."

ज्याला तोलण्याची पगारी सवय होती, त्या माणसाने बसणे आणि टेकणे यांत असा फरक करावा, याचे मला आजही वैषम्य वाटते. मी त्याला रविवारी घरी बोलावले. चहाला, असे सांगितले. चहा होताच सर्वांना खाली चलण्याची विनंती केली आणि चिरंजीवांना सायकल आणण्यास सांगितले. मी तिला हात लावणार नव्हतो. नंतर कुणी म्हणू नये, की म्हाताऱ्याने काही करामत केली.

चिरंजीवांनी दांडा दोन पायांमध्ये घेतला आणि हँडल धरले. तो तरुण आहे, धडधाकट आहे. तोल जाण्याचे त्याचे वय नाही. मित्राला मी म्हणालो, "फाटकावर टेकलास तसाच टेक."

"आता कशाला उगीच?"

"टेक."

तो चाचरला, इकडेतिकडे पाहू लागला. पण पत्नी गॅलरीत येऊन उभी होती, आणि बाईमाणसासमोर माघार घेणे त्याला जमत नाही. तो टेकला. पुढचे चाक उभे राहिले, हँडल चिरंजीवांच्या छातीवर आले, आणि तो डाव्या बाजूला जमिनीवर बसला. बाजू डावीच होती, हे मी मुद्दाम नमूद करतो.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"पडलास का रे? मंग तुज्या गाडीची किल्ली आण इकडं. पडलं की गाडी जाते ना आपल्या घरात?"

चिरंजीव आधी वर पाहत राहिला, मग हसू लागला. मित्र धोतर झटकत पुटपुटला, "सायकलच लय हलकी घेतलीस तू." यापेक्षा अधिक कबुली मला त्याच्याकडून मिळाली नाही. ती मी पुरेशी मानलेली नाही.

कॅरिअर काढून टाका, असा सल्ला आता सगळे देतात. मी काढलेले नाही. चूक कॅरिअरची नव्हती. त्यावर मी तारेची टोपली घट्ट आवळून बसवली आहे. तीत भाजी मावते, मित्र मावत नाही. ही टोपली आपल्याला उद्देशून आहे, असा त्याचा समज झाला आहे. तो समज खरा आहे. वाटेत तो भेटला, की मी उतरतो आणि सायकल हाती धरून त्याच्याबरोबर चालतो. रीत मी मोडलेली नाही.

त्या रविवारी मात्र एक काम उरले होते. चिरंजीव म्हणाला, "दादा, मनगट सुजलंय. आज मी नेतो वर." मी त्याला बाजूला होण्यास सांगितले. अटीचा पहिला भाग निकाली निघाला होता; दुसरा अजून उभा होता. मी खिटी काढली, सायकल मिटवली, पेडल आत घेतले आणि जिना चढू लागलो. तो मागून येत होता, दोन्ही हात पुढे धरून, कुठेही न लावता. पत्नीने दार सताड उघडून ठेवले होते.

पहिल्या मजल्यावर मी दम घ्यायला थांबलो, असे चिरंजीव आता नातेवाइकांना सांगतो. मी थांबलो नव्हतो. मी हात बदलत होतो.