हॅलोमावशींचा उजवा कान

गल्लीत त्यांना सगळे हॅलोमावशी म्हणायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी हयात गेलेली, त्यामुळे दार उघडतानाही तोंडून "हॅलो" निघायचं. तिथेच एका वादळात लांबच्या कुठल्याशा खांबावर वीज पडली, तारेतून धावत आली आणि हेडफोनमधून त्यांच्या उजव्या कानात शिरली. तो कान गेला तो गेलाच. नोकरी मात्र मावशींनी डाव्या कानावर निवृत्तीपर्यंत रेटली. लेक तेव्हा पाळण्यात होती, तिला त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर 'जन्मापासूनच कमी ऐकू येतं' म्हणून मोकळ्या व्हायच्या.

नवरा गेल्यावर त्या लेकीकडे राहायला आल्या. तळमजल्यावर जावयाचं भरतकामाचं छोटं युनिट होतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, त्यांवर शाळांचे बॅज. त्याने गच्चीवर सोलर पॅनेल बसवून घेतले आणि मावशींच्या जिवाला घोर लागला. आभाळ गडगडलं की त्या घरातले प्लग उपटत सुटायच्या. एकदा तर खाली जाऊन त्यांनी मेन स्विचच पाडला. मशीनवर एका शाळेच्या बॅजवरचे हत्ती भरले जात होते, ते सगळे सोंडेवाचून राहिले. जावई तसा गरीब स्वभावाचा, पण त्या दिवशी त्याचाही तोल सुटला. इमारतीवर वीज अडवायला दांडा उभा केलाय तो काय शोभेला, असं तो तावातावाने बोलत राहिला. मावशींनी त्याच्याकडे उजवा कान केला आणि भाजी निवडत बसल्या.

शेवटी लेकीने सोलरच्या देखभालीचं काम करणाऱ्या वायरमन बाईला बोलावलं. आईची समजूत घाला, एवढंच तिचं सांगणं होतं. बाई गच्चीवर जाऊन आली, इन्व्हर्टरच्या शेजारचा डबा उघडून पाहिला आणि मावशींसमोर येऊन बसली.

"मावशी, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मावशींनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सगळं सांगितलं, तो खांब, ती तार आणि कानात फुटलेला आवाज. स्वयंपाकघराच्या दारात लेक ओला हात तसाच धरून उभी राहिली, तिच्यामागे खालून वर आलेला जावई.

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाली. "दांडा इमारतीला वाचवतो. तारेतून घुसणारा झटका तो अडवत नाही."

पॅनेलकडून येणाऱ्या तारांवर आणि बाहेरून येणाऱ्या लाइनवर सर्ज प्रोटेक्टर हवेत, असं तिने समजावलं. दाब अचानक वाढला की ते तो जमिनीकडे वळवतात, वेळ आली तर स्वतः मार खातात. इथे ते बसवलेच नव्हते, आणि अर्थिंगची तार गंजून तुटायला आली होती. प्लग काढणंही चुकीचं नाही, फक्त वादळ डोक्यावर यायच्या आत काढायचे, असंही ती म्हणाली. जावयाचा चेहरा उतरला. त्याने तिथल्या तिथे काम करायला सांगितलं.

पुढच्या मोठ्या वादळात भरदुपारी इमारतीमागच्या मोबाइल टॉवरवर वीज पडली. खिडक्यांची तावदानं थरथरली, दिवे गेले. वादळ इतकं अचानक आलं की प्लग काढायला सवडच मिळाली नव्हती, मावशी जिन्याच्या पायरीवर कठडा घट्ट धरून बसल्या होत्या. शेजाऱ्यांचा टीव्ही आणि इंटरनेटचा डबा कायमचे गेले. इथे मात्र वीज परत आली तशा मशीन सुरू झाल्या. एका प्रोटेक्टरची हिरवी खूण तेवढी लाल झाली होती, म्हणजे तो आपलं काम करून संपला होता. वायरमन बाईने येऊन तो बदलला.

त्या संध्याकाळी जावई मावशींजवळ आला.

"आई, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? मी सांगितलंच नव्हतं."

मावशींची भीती काही गेली नाही. पण त्यानंतर आभाळ भरून आलं की जावई हातातलं काम आवरून मशीन स्वतः बंद करायचा, प्लग काढायचा आणि चहाचे दोन कप घेऊन त्यांच्या खोलीत यायचा. दोघं गप्पा मारत बसायची, कधी नुसतीच बसायची. वादळ ओसरलं की तो खाली जायचा आणि मावशी जरा आडव्या व्हायच्या.